निर्णय कोणाचा होता?



लंडनमध्ये वेस्टमिन्स्टरला, पार्लमेंटपासून हाकेच्या अंतरावर, ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स’ ही संस्था आहे. 1818 साली काही तरुण अभियंत्यांनी एका कॉफी हाउसमध्ये जमून ती सुरू केली. दोन वर्षांनी थॉमस टेलफर्ड तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि 1828 मध्ये तिला राजाची सनद मिळाली. ‘चार्टर्ड इंजिनियर’ होण्यासाठी आज जगभरातले स्थापत्य अभियंते या संस्थेच्या मुलाखतीला सामोरे जातात. पुण्यामुंबईत शिकून इंग्लंडला किंवा आखातात गेलेले मराठी अभियंतेही त्यांत असतात.

इंग्लंडमध्ये नुसतं ‘इंजिनियर’ कुणीही म्हणवून घेऊ शकतो, बॉयलर दुरुस्त करणारासुद्धा. ‘चार्टर्ड इंजिनियर’ हे बिरुद मात्र नोंदणीशिवाय लावता येत नाही. ती नोंदणी हवी असेल तर आधी आपल्या कामाचा सविस्तर अहवाल पाठवावा लागतो. मग दोन अनुभवी परीक्षकांसमोर पंधरा मिनिटांचं सादरीकरण करायचं आणि त्यानंतर तासभर प्रश्नांना उत्तरं द्यायची.

या पंधरा मिनिटांच्या तयारीत उमेदवार नेमके कुठे घसरतात?

बहुतेक जण प्रकल्प दाखवतात. पुलाची लांबी, खर्चाचे आकडे, ड्रोनने काढलेला देखणा फोटो, मग कंपनीचा तक्ता. परीक्षकांनी अहवाल आधीच वाचलेला असतो आणि तसे पूल त्यांनी स्वतःही बांधलेले असतात. त्यांना पुलाबद्दल नव्हे, समोर बसलेल्या माणसाबद्दल जाणून घ्यायचं असतं. माहिती अपुरी होती, वेळ कमी होता, ठेकेदार घाई करत होता, तेव्हा या माणसाने काय ठरवलं आणि कशाच्या आधारावर?

एक उदाहरण घेऊ. रेल्वेरुळाशेजारी रिटेनिंग वॉल बांधायची आहे. बोअरहोलच्या अहवालात पाणी चार मीटर खाली दाखवलंय. प्रत्यक्षात खोदकाम अडीच मीटरवर गेलं आणि तळातून पाणी झिरपायला लागलं, पाण्याबरोबर बारीक वाळूही येऊ लागली. एका उमेदवाराच्या स्लाइडवर यावर एकच ओळ असते: ‘भूजलाची समस्या यशस्वीरीत्या सोडवण्यात आली.’ दुसरा उमेदवार त्याच जागेचा हाताने काढलेला छेद समोर ठेवतो. त्यात पाण्याच्या दोन पातळ्या, अहवालातली आणि खरी; बाजूला रूळ, आणि रुळापासून खड्ड्याच्या काठापर्यंतचं अंतर. तो सांगतो, ‘पंप लावून काम पुढे रेटता आलं असतं, पण पाण्याबरोबर वाळू निघून रूळ खचण्याची भीती होती. शीट पाइल ठोकले असते तर हादरे बसले असते. मी काम थांबवलं, पातळी मोजायला नळ्या बसवून घेतल्या आणि पाइल न ठोकता हायड्रॉलिक दाबाने आत दाबायचे असं सुचवलं. खर्च वाढणार होता. तो मंजूर करण्याचा अधिकार माझा नव्हता, म्हणून गणित तपासून घेऊन मी ते वरिष्ठांपुढे ठेवलं.’

हे सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण त्यातून तांत्रिक समज कळते, सुरक्षिततेचं भान दिसतं, पैशाचा विचार दिसतो, आणि स्वतःच्या अधिकाराची हद्द ओळखण्याचा प्रामाणिकपणाही दिसतो. पुढच्या तासाभरातले चांगले प्रश्न अशाच स्लाइडमधून निघतात.

महत्त्वाची गोष्ट स्लाइडच्या तळाशी ढकलली की काय होतं, याचं फार दुःखद उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया यान अवकाशात झेपावताना इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे सादरीकरण केलं. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक दिलासा देणारं होतं. अगदी शेवटच्या ओळीत मात्र नोंद होती, की चाचण्यांमधला तुकडा 3 घन इंचांचा होता आणि इथला अंदाजे 1920 घन इंचांचा. म्हणजे 640 पट मोठा! ज्या चाचण्यांवर दिलासा बेतला होता, त्या या धडकेला लागूच पडत नव्हत्या. 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात त्या स्लाइडचा स्वतंत्र समाचार घेतला. अपघात एका स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही. पण शंका शीर्षकात यायला हवी होती, हे प्रत्येक अभियंत्याने मनावर घ्यावं.

मराठी उमेदवाराची आणखी एक अडचण असते. त्याला ओळखीची असते ती कॉलेजातली तोंडी परीक्षा. बाह्य परीक्षक व्याख्या विचारणार, आपण घडाघडा म्हणून दाखवणार, सुटलो! शिवाय घरात आणि ऑफिसात ‘मी केलं’ म्हणणं आगाऊपणाचं मानलं गेलेलं. त्यामुळे चांगलं काम केलेला माणूसही मुलाखतीत ‘आमच्या टीमने केलं’ एवढंच सांगत राहतो आणि परीक्षकांना त्याचा वाटा कळतच नाही. टीमचं श्रेय टीमला जरूर द्यावं. पण आपण केलेलं गणित आणि आपण घेतलेली जोखीम आपल्याच नावावर सांगावी. चुकलं असतं तर जबाब आपल्यालाच द्यावा लागला असता ना?

सुरक्षिततेची तयारी वेगळी करावी लागते. ब्रिटनमध्ये बांधकामाच्या सुरक्षिततेचे 2015 चे सीडीएम नियम आहेत. मालक, मुख्य डिझाइनर आणि मुख्य ठेकेदार यांची कर्तव्यं त्यांत ठरवून दिली आहेत. ते पाठ असून भागत नाही. आपल्या ड्रॉइंगमुळे साइटवरच्या कामगाराचा कोणता धोका टळला, हे सांगता आलं पाहिजे. 14 जून 2017 च्या रात्री लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून 72 माणसं मेली. बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणाने आग पसरवली होती. त्यानंतर तिथे कायदे बदलले, आणि हा विषय आता कोणत्याही अभियंत्याला टाळता येत नाही.

बाकी तयारी साधी आहे. स्लाइड आठ-दहाच ठेवाव्यात. एक रंगीत तालीम आपल्या क्षेत्राबाहेरच्या अभियंत्यासमोर करावी, कारण सहकाऱ्यांना संक्षिप्त नावं आधीच ठाऊक असतात आणि ते मध्येच अडवत नाहीत. घड्याळ लावून बोलावं. चौदा मिनिटांत संपलं तर उत्तम; सतराव्या मिनिटाला शेवटची स्लाइड उरली असेल तर कापायचा तो प्रकल्पाचा परिचय, आपला निर्णय नव्हे. आणि मुलाखतीत एखादं उत्तर येत नसेल तर तसं स्पष्ट सांगून, ते कुठे आणि कुणाकडे शोधणार हेही सांगावं. अंदाजाने ठोकून दिलेलं उत्तर परीक्षकांना लगेच कळतं.

ज्यांची मुलाखत येत्या काही महिन्यांत आहे, त्यांनी लॅपटॉप उघडण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि स्वतः घेतलेले तीन निर्णय त्यावर कारणांसकट लिहून काढावेत. स्लाइड त्यानंतर करायला घ्याव्यात.