कृत्रिम सांधे आणि त्यांतील संवेदक : एक आरोग्यविचार



पिंपळगाव रेणुकाई हे भोकरदन तालुक्यातील गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी दूरवर ओळखले जाते. हंगामात येथील व्यापारी दिवसदिवस गादीवर मांडी घालून बसतो. घरातील माता सामायिकासाठी अठ्ठेचाळीस मिनिटे एका आसनावर स्थिर राहते, प्रतिक्रमणात वारंवार उठते, बसते, गुडघे टेकून वंदना करते. ज्या गुडघ्यावर व्यवहार आणि आराधना या दोहोंचा भार आहे, तो झिजला की माणसाचे निम्मे जीवन थांबते. प्रत्येक स्थानकात मागच्या भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्यांची रांग वर्षागणिक लांबत चालली आहे, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

यावर शस्त्रक्रियेचा उपाय आता दुर्मीळ राहिलेला नाही. खुब्याच्या सांधेरोपणाला आजचे रूप इंग्लंडचे शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास दिले. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. कांतीलाल संचेती यांचे नाव या समाजाला नव्याने सांगावयास नको. भारतीय रुग्णांच्या गुडघ्याची ठेवण ध्यानी घेऊन त्यांनी ‘इंडस’ हा स्वदेशी कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ साली ते पद्मविभूषण झाले. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि ही शस्त्रक्रिया मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अधिक आवाक्यात आली.

तथापि सांधा बसविला म्हणजे काम संपले, ही समजूत घातक आहे. कृत्रिम सांधा हाडात सैल होऊ शकतो, त्याचे प्लॅस्टिक झिजते, खोलवर जंतुसंसर्ग होतो. हे सारे बहुधा हळूहळू घडते. दुखणे असह्य होईपर्यंत कित्येकदा आतले हाड खचलेले असते, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कितीतरी अवघड ठरते. त्यातून आपल्या समाजातील ज्येष्ठांना वेदना मुकाट्याने सोसण्याची सवय. परीषह म्हणून सोसलेली कळ ही तपश्चर्या असेल. सैल झालेल्या सांध्याची कळ मात्र केवळ उशीर असतो.

असा उशीर किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीच्या ‘एएसआर’ नावाच्या खुब्याच्या सांध्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरत असे. घर्षणाने कोबाल्ट आणि क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटून भोवतालच्या मांसात व रक्तात उतरत. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो सांधा जगभरातून मागे घेतला. भारतात तोवर सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांपैकी एक हजाराच्या आसपास रुग्णांचाच माग लागू शकला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदविली. पुढे केंद्राने समिती नेमली आणि २०१८ मध्ये नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. मुंबई-पुण्यातील रुग्णांनी या प्रकरणी वर्षानुवर्षे दाद मागितली. वेदनेचे कारण आपल्या खुब्यातच आहे, हे कित्येकांना फार उशिरा कळले. क्ष-किरण चित्र पुष्कळदा निर्दोष दिसत असे, रक्तातील धातूचे प्रमाण मोजल्यावर दोष उघड होई.

सांध्यानेच आपली प्रकृती सांगावी, ही कल्पना येथे उपयोगी पडते. ती अगदी नवी नाही. स्वीडनमध्ये निल्स रायडेल यांनी १९६० च्या दशकात खुब्याच्या कृत्रिम सांध्यात मापक बसवून तारांच्या द्वारे त्यावरील भार मोजला. पुढे बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारी सांधे रोपिले. मांडीभोवती बाहेरून वेटोळे ठेवले की आतल्या उपकरणास वीज मिळे आणि आकडे बाहेर येत. साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, आणि अडखळल्यास तो सात-आठ पटींच्या घरात जातो, हे या मोजमापांतून कळले. ओल्या फरशीवर वृद्धांना जपावे असे घरोघरी सांगतात, त्याला मिळालेला हा आकड्यांचा आधार!

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ‘पर्सोना आयक्यू’ या गुडघ्यास अनुमती दिली. नडगीच्या हाडात जाणाऱ्या त्याच्या दांड्यात बॅटरी व गतिमापक संवेदक आहेत. पावले किती पडली, चाल किती वेगाची, गुडघा किती वाकला, याची नोंद घरातील एका लहान यंत्रामार्फत वैद्यांकडे जाते. चाल अकारण मंदावू लागली तर ते रुग्णाच्या तक्रारीपूर्वीच दिसावे, अशी अपेक्षा आहे. परंतु अनुमती देताना नियंत्रकांनी स्पष्ट केले, की या नोंदींचा उपचारातील लाभ सिद्ध झालेला नाही आणि त्यांवरून उपचाराचा निर्णय करावयाचा नाही. जंतुसंसर्ग वा सैलपणा हा सांधा ओळखत नाही. कंपनांवरून सैलपणा आणि तापमानावरून संसर्ग हेरणाऱ्या संवेदकांवर संशोधन चालू आहे. तेव्हा जाहिरात वाचून ‘हुशार गुडघ्या’चा आग्रह धरण्यात सध्या तरी अर्थ नाही.

साधू-साध्वी सकाळ-सायंकाळ वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. दोष दिसला म्हणून नव्हे, दिसण्यापूर्वी. संवेदकामागील दृष्टी हीच आहे. (विहारी साधूंच्या देहात बॅटरीचे उपकरण कल्पते का, हा प्रश्न अर्थातच आचाराच्या जाणकारांचा आहे.)

संवेदक येईतो हे पडिलेहण माणसांनीच करावयाचे आहे. बरा झालेला सांधा पुन्हा दुखू लागणे, रात्री ठणकणे, सूज, उष्णता, जखमेतून स्राव, पाऊल टाकताना डळमळल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास लेप आणि मालिश यांत दिवस न दवडता शल्यविशारदांस दाखवावे. काही त्रास नसला तरी त्यांनी सांगितलेल्या तपासणीस जावे. जुन्या क्ष-किरण चित्राशेजारी नवे ठेवले, तरच सूक्ष्म फरक दिसतो.

शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत सांध्याचे नाव, उत्पादक आणि क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. एएसआर प्रकरणात ज्या हजारो रुग्णांचा माग लागला नाही, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा धागा असाच एक क्रमांक होता. रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी ती पट्टी मागून घ्यावी. तिची एक प्रत मुलांकडे असावी, आणि मूळ पान व्यापाऱ्याच्या घरात खातेवह्या जेथे जपतात तेथेच ठेवावे.