आठवण काढण्याचा हक्क



तंजावरजवळ, कावेरीकाठी तिरुवैयारू नावाचं गाव आहे. तिथे दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक जमतात आणि संत त्यागराजांच्या पाच रागांतल्या पंचरत्न कृती एकसाथ गातात. त्यागराज गेले ते १८४७ साली, म्हणजे तंजावरला भोसल्यांची गादी होती तेव्हा.

आज त्या गर्दीत बायकाही गाताना दिसतात. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. पुरुषांचे गट आपापली आराधना करायचे आणि बायकांना गायला मनाई होती. देवदासी घराण्यातल्या बंगळूर नागरत्नम्मांनी १९२० च्या दशकात दुर्लक्षित समाधीवर स्वतःच्या पैशानं मंदिर बांधलं. तरीही गायला मिळेना! मग त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सगळे गट एकत्र आले, तेव्हा कुठे बायका पुरुषांच्या बरोबरीनं गाऊ लागल्या.

आवडत्या कलावंताची आठवण कुणी काढायची, हे ठरवणारे आपण कोण?

नागरत्नम्मा १९५२ मध्ये गेल्या. त्यांचीही समाधी तिथेच आहे. तिरुवैयारूला गेलात, तर तिथेही हात जोडा.