पिचर तेच, बॉक ९२४!

आज बेसबॉल. घाबरू नका, क्रिकेट कळतं त्याला हेही कळेल.

बेसवर रनर असताना पिचरने नियमाबाहेरची, फसवी हालचाल केली, की तो बॉक. शिक्षा काय? रनर एक बेस फुकटात पुढे. आपल्या नो-बॉलचा लांबचा भाऊ समजा.

रनर असताना चेंडू टाकण्याआधी पिचरने पूर्ण थांबायचं, हा नियम जुनाच. पण किती थांबायचं? १९६३ मध्ये नॅशनल लीगने अंपायरना कडक व्हायला सांगितलं आणि बॉब शॉच्या नावावर एकाच मॅचमध्ये ५ बॉक लागले!

खरी गंमत १९८८ ची. नियमात भर पडली, की थांबणं ‘स्पष्ट दिसलं’ पाहिजे. १९८७ मध्ये मेजर लीगमध्ये ३५६ बॉक होते, १९८८ मध्ये थेट ९२४. एकट्या डेव्ह स्टीवर्टचे १६. पुढच्या वर्षी ते शब्द काढले आणि आकडा धाडकन खाली आला.

आता सांगा, पिचर एका वर्षात बेईमान झाले होते का? नाही. वर्षानुवर्षं घोटवलेली ॲक्शन तीच होती, बघणारे डोळे बदलले.

२०२३ पासून एक अट मात्र सरळ मोजता येते. एका बॅटरसमोर दोनदा रबर सोडलं, तिसऱ्यांदा सोडूनही रनर आउट झाला नाही, तर बॉक. मला हे पटतं. मोजता येणारा नियम खेळाडूला आधीच कळतो. ‘स्पष्ट’ म्हणजे काय, हे बॉक दिल्यावर कळून काय उपयोग?

तुम्हाला काय वाटतं? व्हॉइस नोट पाठवा!