ठिणगीची निवड

काशीतील ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी मंडळींची वस्ती फार जुनी आहे. तेथील पायऱ्यांवर बसणाऱ्यास गंगेवरील यांत्रिक नावांचा आवाज नित्य ऐकू येतो. 2021 पासून काशीतील अनेक नावा डिझेल सोडून नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेट घेते. वायूला मात्र ठिणगी लागते. ती देणारा स्पार्क प्लग बिघडला तर इंजिन अडखळते. पण नावाड्याच्या हाताशी वल्हे तरी असते. वैमानिकाने आकाशात वल्हे कोठून आणावे?

म्हणूनच लहान विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांना वीज पुरविणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. इंजिनाचे फेरे प्रमाणाबाहेर घटले, तर विमान जमिनीवरच राहते.

प्लग निवडताना त्याचा उष्णतेशी असलेला व्यवहार प्रथम पाहावा लागतो. ज्याच्या टोकाची उष्णता सावकाश निघून जाते तो 'उष्ण' प्लग. जो ती चटकन सिलिंडरच्या माथ्याकडे सोपवितो तो 'शीत'. टोक फार थंड राहिले तर त्यावर काजळी आणि विमानी पेट्रोलमधील शिसे साचते. ते फार तापले, तर ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटते व पिस्टन वितळण्यापर्यंत पाळी येते. शिकाऊ विमान जमिनीवर मंद गतीने बराच वेळ चालते, म्हणून त्याच्या प्लगांवर शिसे अधिक साचते. तेथे बारीक इरिडियम तारेचा प्लग महाग असूनही पुष्कळदा परवडतो. तो अशा मळास लवकर बळी पडत नाही. मात्र इंजिनकर्त्याच्या मान्य यादीत नसलेला प्लग, मोटारीत तो कितीही उत्तम चालत असो, विमानास बसविणे सर्वथा गैर होय.

1930 साली आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघाले होते. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळील जादा साठ्यातून प्रतिस्पर्ध्याची ही अडचण दूर केली. पारितोषिक अस्पींना मिळाले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुखही झाले.

मुठीत मावणाऱ्या वस्तूवाचून अवघे विमान खोळंबते, हे ज्याने एकदा जाणले, तो तिची निवड केवळ किमतीवरून करीत नाही.