पाण्यातलं गाव : जंजिरा

नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्याची ओळख औष्णिक वीज केंद्राशी जोडलेली आहे. 1340 मेगावॉटच्या या केंद्राभोवती वसाहती, शाळा, बाजारपेठ वाढली. रायगड जिल्ह्यातल्या मुरूडजवळ समुद्रात असंच एक गाव सत्तेच्या आधाराने वाढलं होतं. ते म्हणजे जंजिरा.

जंजिऱ्यावर राज्य होतं सिद्दींचं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. धर्माने मुसलमान, पेशाने दर्यावर्दी. छत्रपती शिवाजी महाराजांनी जवळच पद्मदुर्ग उभारून त्यांना शह दिला. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला. तरीही जंजिरा हाती आला नाही.

तटाच्या आत फक्त तोफा नव्हत्या. घरं होती, मशीद होती, राजवाडा होता. चहूकडे खारं पाणी, पण आतल्या दोन मोठ्या तळ्यांत गोडं पाणी! वस्ती टिकली ती या तळ्यांमुळे. धान्य, सरपण मात्र होडीनेच आणावं लागे.

पुढे सिद्दी नवाबांचा कारभार किनाऱ्यावर मुरूडला आला. 1948 मध्ये त्यांचं संस्थान भारतात विलीन झालं. रोजगार, शिक्षण, दवाखाना सगळं किनाऱ्यावर. मग हळूहळू किल्ल्यातली घरं रिकामी झाली. आज राजपुरीचे नावाडी शिडाच्या होड्यांतून पर्यटकांना तिथे नेतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते.

तट कितीही भक्कम असो, पाणी, रोजगार आणि दळणवळण असेल तरच गाव नांदतं. विकासाचा विचार करताना हे ध्यानात ठेवायला हवं.