रोगनिदान प्रयोगशाळेचे नेतृत्व आणि विज्ञानातील डॉक्टरेट
(व्याख्यानाचा मजकूर)



सकाळच्या वेळी खोपटच्या एस. टी. स्थानकावर उतरणाऱ्या प्रवाशांत उपाशीपोटी रक्त तपासून घेण्यासाठी ठाण्यात आलेली माणसेही असतात. रक्त दिले की त्यांचे काम संपते; प्रयोगशाळेचे तेथून सुरू होते. साध्या नळीत तसेच राहिलेल्या रक्तातील साखर पेशी वापरत राहतात आणि ती दर तासाला सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी घटते. नमुना वाटेत रेंगाळला तर यंत्र निर्दोष असूनही आकडा खोटा येतो आणि मधुमेह नजरेतून निसटू शकतो. आकडा खरा असल्याची हमी ज्याने द्यावयाची, तो प्रयोगशाळाप्रमुख होय. विज्ञानात डॉक्टरेट मिळविलेल्या तरुणांना या पदापर्यंत कसे जाता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

परळचा धडा

वैद्यकीय पदवी नसलेल्या शास्त्रज्ञाने आरोग्याच्या प्रयोगशाळेचे नेतृत्व करणे मुंबईला नवीन नाही. वाल्डेमार हाफकिन हे प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते. 1896 मध्ये प्लेगची साथ आल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात काम सुरू केले, 1897 च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि 1899 पासून त्यांची प्रयोगशाळा परळला नांदू लागली. 1925 मध्ये तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

परंतु 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावात उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे आले. पण ते निर्दोष ठरण्यास 1907 साल उजाडले. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जे घडते त्याचाही जाब प्रमुखाला विचारला जातो, हा त्यातील बोध आहे.

डॉ. कमला सोहोनी यांचे उदाहरणही बोलके आहे. 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतल्यावर त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

पायऱ्या कोणत्या?

प्रबंध हा या वाटेवरचा परवाना आहे, मुक्काम नव्हे. संशोधनात प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. रुग्णाचा अहवाल संध्याकाळपर्यंत द्यावाच लागतो. म्हणून जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र वा आनुवंशिकी या विषयांतील उमेदवाराने आधी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काही वर्षे प्रत्यक्ष काम करावे. ज्ञात मूल्याचा नमुना रोज तपासून त्याचा आलेख ठेवणे, नवी पद्धत वापरात आणण्यापूर्वी पारखून घेणे आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या उपक्रमासारख्या बाह्य गुणवत्ता पडताळणीत भाग घेणे, ही खरी उमेदवारी होय. आय. एस. ओ. 15189 हे वैद्यकीय प्रयोगशाळांचे आंतरराष्ट्रीय मानक अभ्यासून गुणवत्ता व्यवस्थापक, नंतर विभागप्रमुख आणि शेवटी तांत्रिक प्रमुख, असा हा क्रम आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीसारख्या संस्थांत शास्त्रज्ञ संशोधनाबरोबर रक्तविकारांच्या निदानाचेही काम करतात.

सहीचा प्रश्न

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. रोगनिदानाचे मत देणे हे वैद्यकाचे काम आहे. 2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत वैद्यकाची प्रतिस्वाक्षरी असावी, ही भूमिका मान्य केली. केंद्र शासनाच्या 2020 च्या सुधारित नियमांनी संबंधित विषयातील अनुभवी एम. एस्सी. वा डॉक्टरेटधारकांना आपल्या विषयाच्या चाचण्यांवर सही करण्याची वाट मोकळी केली, मात्र मत वा अन्वयार्थ न नोंदविण्याच्या अटीवर. हे नियम 2010 चा केंद्रीय कायदा ज्यांनी स्वीकारला त्या राज्यांपुरते आहेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या नोंदणीसाठी 1949 चा स्वतंत्र कायदा आहे. तेव्हा नोकरी पत्करण्यापूर्वी अहवाल कोणाच्या सहीने जाणार आणि आपली जबाबदारी कोठवर, हे उमेदवाराने लेखी विचारून घ्यावे. त्यात संकोच नसावा.

अमेरिकेने 1988 च्या कायद्यान्वये विज्ञानाच्या डॉक्टरेटधारकाला प्रयोगशाळासंचालक होण्याचा मार्ग दिला. पण मान्यताप्राप्त मंडळाचे प्रमाणपत्रही आवश्यक ठरविले. पदवी आणि रुग्णसेवेचे प्रशिक्षण यांची सांगड तेथेही सुटलेली नाही.

वैद्यक आणि शास्त्रज्ञ यांच्यात श्रेष्ठ कोण, हा वाद रुग्णाच्या उपयोगाचा नाही. भौतिकशास्त्रज्ञ रोझलिन यालो आणि वैद्यक सॉलोमन बर्सन यांनी रुग्णालयाच्या एकाच प्रयोगशाळेत खांद्याला खांदा लावून किरणोत्सारी प्रतिरक्षामापनाची पद्धत घडविली. यालो यांना 1977 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा बर्सन हयात नव्हते; पण त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्याचा आग्रह यालो यांनी धरला होता. ठाणे-कल्याण परिसरातील महाविद्यालयांतून विज्ञानाची वाट धरणाऱ्या तरुणांनी ही जोडी ध्यानात ठेवावी. खोपटच्या स्थानकावर परतीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या हातातील कागदावर सही कोणाचीही असो, त्यावरील आकडा खरा असला पाहिजे.