अंगणातलं बिननावाचं झाड
(मंडळाच्या ऑक्टोबरमधील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कम्प्युटरवाल्याला झाडांवर बोलायला उभं केलंय, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सारमधल्या भाड्याच्या घरात आम्ही राहायला गेलो, तेव्हा गेटपाशी एक झाड होतं. रुंद, जाडसर पानं, पांढऱ्या फुलांचे झुबके आणि मग गोट्यांएवढ्या हिरव्या फळांचे घोस. उन्हाळ्यात फळं पिकून खालच्या गाडीवर पडायची. आत शेंबडासारखा चिकट गर! घरमालक म्हणाले, "नुसता कचरा. पुढच्या वर्षी तोडून टाकू." पण बहारीनमध्ये सावलीची किंमत काय असते, हे तुम्हाला सांगायला नको. मुलीने तर फांदीला झोकाही बांधला होता. झाड वाचवायचं तर आधी त्याचं नाव कळायला हवं होतं.

सवयीप्रमाणे मोबाइलवर पानाचा फोटो काढला. अ‍ॅपने तीन वेळा तीन नावं दिली. चूक माझीच. एका पानावरून निदान होत नाही. पान, फूल, फळ, बी सगळं जुळावं लागतं आणि त्यासाठी वर्षभर झाडाकडे बघावं लागतं.

शेजारच्या बहारिनी आजोबांनी क्षणात सांगितलं, "बंबर!" पण नुसत्या नावावरही भागत नाही. इथे 'कनार' म्हणजे बोर, तर आपली कण्हेर विषारी, आणि तीही इथल्या बागांत भरपूर दिसते. 'लोझ' म्हणजे बदाम, पण इथल्या झाडावरचा लोझ हा आपला देशी बदाम. तेव्हा नाव ओळखीचं वाटलं म्हणून कुठलंही फळ तोंडात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.

पुढच्या एप्रिलमध्ये आई आली. बॅगा गाडीतच, आणि ही झाडाखाली उभी! "अरे, हे तर भोकर! आणि तुम्ही लोणचं विकत आणता?"

मग सगळं जुळलं. शास्त्रीय नाव कॉर्डिया मिक्सा. आपल्याकडे भोकर म्हणतात ते हे आणि याचं जवळचं भावंड कॉर्डिया डायकोटोमा. हिंदीत लसोडा, गुजरातीत गुंदा, संस्कृतात श्लेष्मातक. नांदेड जिल्ह्यातल्या भोकर गावावरून मी कितीदा एस.टी.ने गेलोय; झाड मात्र ओळखता आलं नाही!

अशी गोष्ट या बेटावर पूर्वीही घडली आहे. इ. स. पू. ३२४ च्या सुमारास अलेक्झांडरचा दर्यावर्दी अँड्रोस्थेनिस इथे आला. ग्रीक लोक या बेटाला टायलोस म्हणत. रात्री पानं मिटणाऱ्या एका झाडाची त्याने नोंद केली. ती चिंच असावी, असं अभ्यासक मानतात. म्हणजे आपली चिंचही इथे कुणाला तरी अनोळखीच होती.

आईने हिरवी फळं उतरवली. फोडून, मिठात बुडवलेल्या काडीने बिया काढल्या. मिठाने चिकटपणा सुटतो. मग मोहरी-मेथीचा मसाला भरला. एक बरणी घरमालकांकडे गेली. पण त्यांना खरं पटलं ते वेगळंच: फळं हिरवी असतानाच काढली, तर गाडीवर पडायला उरतातच कुठे? झाड राहिलं.

दोन घोस मुद्दाम पिकू दिले. बिया वाळूत चोळून धुतल्या आणि ताज्याच लावल्या. मूळ खोल जातं म्हणून पिशवी उंच घ्यावी. इथली माती खारट, तेव्हा गोडी माती, शेणखत आणि पाणी निथळायला तळाशी भोकं. पहिला उन्हाळा सावलीत काढावा, थंडी सुरू झाली की जमिनीत लावावं. फळाला काही वर्षं लागतील, घाई नको. आणि कृपा करून भारतातून बॅगेत लपवून रोपं आणू नका. त्यांच्याबरोबर रोग-कीडही येते, शिवाय कायदा आडवा येतो.

आज दाराशी सहा रोपं ठेवली आहेत. नेणाऱ्याला एकच अट. कुंडीवर पाटी लावायची: एका बाजूला मराठीत 'भोकर', दुसऱ्या बाजूला अरबीत 'बंबर'. आपण उद्या घर बदलू, देशही बदलू. मागून येणाऱ्याला झाडाचं नाव विचारत फिरावं लागू नये.